न वाकणारा सेनापती

मित्रांनो, मी एक जुना मुखवटा आहे. देवाचा नाही आणि राक्षसाचाही नाही. मी परग्रहावरच्या लढवय्या जमातीच्या सेनापतीचा मुखवटा आहे. हसायचे असेल तर आत्ताच हसून घ्या. कपाळावर तीन वळ्या, पुढे आलेला जबडा आणि ताठ मान, असे माझे रूप. रंग उडाला, डावा कान उंदरांनी खाल्ला. मान मात्र जशीच्या तशी आहे, आणि ही गोष्ट त्या मानेचीच आहे.

माझा जन्म १९७७ साली सोलापुरात झाला. सिद्धलिंगप्पा नावाचे म्हातारे गृहस्थ नाटकाचे सामान भाड्याने देत. मुकुट, गदा, तलवारी, दाढ्या, सगळे त्यांच्या दुकानात मिळे. शाळांची संमेलने आणि खेड्यांतल्या जत्रा यांवर घर चाले. मुखवटे मात्र त्यांची सून शरणम्मा करायची. साचे ठेवलेल्या मागच्या खोलीत पूर्वी बायकांनी पाऊल टाकायचे नसे. सिद्धलिंगप्पांचे हात थरथरू लागले तेव्हा नाइलाजाने त्यांनी तिला साच्याला हात लावू दिला, आणि वर्षभरात तिचे काम त्यांच्या कामाच्या पुढे गेले. हे म्हातारबुवांना कळत होते. पण तोंडाने कबूल करणे त्यांच्या जिवावर येई.

एके दिवशी मुंबईहून पत्र आले. टेलिव्हिजनवर मुलांसाठी एक मालिका निघणार होती. तिच्यात दूरच्या ग्रहावरून एक लढवय्या जमात पृथ्वीवर चालून येते. निर्मात्यांनी एका नाट्यस्पर्धेत शरणम्माचे मुखवटे पाहिले होते, म्हणून सहा सैनिक आणि एक सेनापती असे काम त्यांनी तिला दिले. सोबत चेहऱ्याचे एक चित्र होते. सोलापुरात तेव्हा टेलिव्हिजन कुणी पाहिलेला नव्हता. सिद्धलिंगप्पांनी ते चित्र उलटेसुलटे करून पाहिले.

“परग्रह म्हंजे कुटं आलं गं?”

“टेंभुर्णीच्या लई पल्याड, मामा,” शरणम्मा म्हणाली आणि कामाला लागली.

रद्दीचा लगदा, मेथीचे पीठ, मागावरचे वाया गेलेले सूत आणि चिंचोक्याची खळ, एवढ्यावर माझा देह उभा आहे. सहा सैनिक तिने साध्या साच्यावर काढले. सेनापतीपाशी मात्र ती अडली. दुसऱ्या लोकातून लढायला उतरलेला योद्धा तिला एकच ठाऊक होता, तो म्हणजे शंकराच्या जटेतून निघालेला वीरभद्र. तिने मला वीरभद्राच्या साच्यावर घातले आणि तिथेच चूक झाली.

त्यांच्याकडच्या जत्रेत वीरभद्राचे सोंग घेतलेला माणूस, मुखवटा तोंडावर असेपर्यंत, कुणापुढे मान लववत नाही. पाटलापुढे नाही आणि सख्ख्या बापापुढेही नाही. नाचून दमला तरी त्याची मान कलू नये म्हणून त्या दुकानात एक रीत होती. हनुवटीपासून छातीपर्यंत बांबूच्या चार कामट्या घालायच्या आणि त्यांवर खळीत भिजवलेले सूत गच्च गुंडाळायचे. ते वाळले की दगडासारखे होते. मुंबईच्या कागदात मानेबद्दल अवाक्षर नव्हते. शरणम्माच्या हाताने सवयीने कामट्या घातल्या. वर तिने मला छान हिरवा रंग दिला. तेव्हाच्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर मी राखाडी दिसणार हे तिला कोण सांगणार!

मुंबईला माझ्या आत महिपती नावाचा नट शिरला. बिचारा माढ्याकडचा, अंगाने दणकट. मागे पाहायचे तर त्याला अख्खे धड वळवावे लागे. पहिल्याच दिवशी सगळे हसले. पण लेखक हुशार होता. माझी चाल पाहून त्याने वाक्यच लिहिले, “आमची जमात मान वाकवत नाही.” झाले, मी एका आठवड्यात गाजलो. मुंबई-पुण्याची मुले सदऱ्याच्या गळ्यात फूटपट्टी खोचून ताठ चालू लागली. पत्रे येत, ती पृथ्वीच्या नायकाला नव्हे, मला. मी फुगलो होतो का? होतो. का फुगू नये?

मग शेवटचा, आठवा भाग आला. त्यात जमात हरते आणि सेनापती नायकापुढे मान झुकवतो, असे लिहिले होते. महिपतीने जीव तोडून प्रयत्न केला. मान काही लवेना, आणि कमरेतून वाकला की शिडी कलंडल्यासारखा दिसे. निर्मात्यांनी सोलापूरला तार केली. दोन दिवसांनी शरणम्मा आणि सिद्धलिंगप्पा स्टुडिओत हजर झाले. ती दाराशीच उभी राहिली, पदर नीट करीत, आणि माझ्याकडे पाहत.

“बाई, चार कामट्या कापायच्या आहेत. पाच मिनिटांचे काम,” निर्माते म्हणाले. “पुढच्या मालिकेचे चाळीस मुखवटेही तुमच्याकडूनच घेणार आहोत.”

“काप की गं,” सिद्धलिंगप्पा म्हणाले. “येवढ्यासाठी तर आलोय.”

शरणम्माने पिशवीतून सुरी काढली. माझ्या हनुवटीखाली बोट फिरवले. मग सुरी खाली केली.

“सायेब, हे वीरभद्राच्या साच्यातलं हाय. हेची मान कापायची न्हाय.”

“अहो, पण हा वीरभद्र नाही. परग्रहवासी आहे.”

“तो कोन हाय ते तुमाला ठावं. पन सात आठवडं तुमीच पोरांना सांगितलं की, ही मानसं वाकत न्हाईत. आता का वाकत्यात?”

“हरले म्हणून.”

“हरलेला मानूस मरतोय, न्हाईतर आपल्या घरी जातोय,” शरणम्मा म्हणाली. “वाकलाच पायजे आसं कुटं हाय?”

तिचा आवाज चढला नव्हता. सिद्धलिंगप्पांचा चेहरा लाल झाला.

“काप म्हनतोय मी. न्हाईतर उद्यापासनं साच्याच्या खोलीत पाय ठेवायचा न्हाय तू. दाढ्या शिवत बसायचं, जलमभर.”

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, दाढ्या शिवणे वाईट काय? पण त्या खोलीखेरीज शरणम्माला स्वतःचे असे जगात काही नव्हते. तिथे ती कुणाची सून नव्हती. हे मला ठाऊक होते, कारण मला घडवताना ती गुणगुणत असे, आणि खोलीबाहेर तिला गुणगुणताना कुणी ऐकले नव्हते. तिने सुरी टेबलावर ठेवली.

“शिवीन की दाढ्या,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिथल्या सुताराने थर्मोकोलचा एक सेनापती केला. तो पडद्यावर वाकला. मी नाही. मला जुन्या लुगड्यात गुंडाळून शरणम्माच्या मांडीवर ठेवले आणि आम्ही तिघे गाडीने सोलापूरला परतलो.

चाळीस मुखवटे गेले ते गेलेच. सिद्धलिंगप्पांनी बोलल्याप्रमाणे केले. खोलीला कुलूप लावले आणि मला आत खुंटीला टांगले. शरणम्मा बाहेर बसून दाढ्या शिवू लागली. वर्ष उलटले. येईल त्या गिऱ्हाइकापाशी म्हातारबुवा सुनेचे गाऱ्हाणे गात. गाऱ्हाण्याला पाय फुटतात म्हणतात. हे गाऱ्हाणे गावोगाव फिरले.

वीरभद्राच्या जत्रेच्या आधी वळसंगकडचे मानकरी मल्लप्पा आले. त्यांच्या वीरभद्राचा मुखवटा जीर्ण झाला होता. सिद्धलिंगप्पांनी चहा मागवला आणि आपले पालुपद सुरू केले. भिंतीआडून मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

“म्हंजे मुंबईम्होरं बी तिनं देवाची मान राखली म्हना की,” मल्लप्पा म्हणाले.

“राखली. माज्या पोटावर पाय देऊन राखली.”

“मग आमचा मुखवटा तिच्याच हातचा पायजे. दुसऱ्या कुनाच्या हातचा आमी देवाच्या सोंगाला घालनार न्हाय.”

कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला. सिद्धलिंगप्पा मरेपर्यंत त्या चाळीस मुखवट्यांबद्दल हळहळत राहिले, सुनेला चुकूनही शाबास म्हणाले नाहीत. पण त्या दिवशी त्यांनी कमरेची किल्ली काढली आणि हाक मारली,

“शरणम्मा, ठेव ती दाढी खाली. चिंचोकं भिजत घाल.”

कुलूप निघाले. ती आत आली, दार लोटून घेतले आणि साच्यावरची धूळ पदराने पुसता पुसता हमसून हमसून रडली. मग खळ शिजवायला गेली.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो. माझ्यासारख्याने शेवटी हात जोडून म्हणायचे असते, जुन्या वस्तू जपा हो. मला ते जमणार नाही. जपायचे तर जपा, नको असेन तर चुलीत घाला, खुशाल जळेन. पण माळ्यावर मावत नाही म्हणून माझ्या कामट्या मोडू नका. एका बाईने वर्षभर दाढ्या शिवल्या, पण या कामट्यांना हात लावू दिला नाही.