बोळाचं लेबल

“सब में एक ही नाम कैसे?” तेलाच्या कारखान्याचा मालक धवल मेहराने लेबलावर बोट ठेवून विचारलं.

लेबलं लिहिणारा अनुवादक मुरलीधर खुलला. फ्रेंच ‘मिर’, जर्मन ‘म्युरे’, स्पॅनिश ‘मिर्रा’, रशियन ‘स्मिर्ना’. सगळी ग्रीकांच्या वाटेने आलेली, आणि मूळ अरबांकडचं. ‘मुर’ म्हणजे कडू. “हमारी मराठी में बोळ कहते हैं. बाळंतिणीला देतात,” तो भरात मराठीवर घसरला. सोव्हिएत रशिया मोडला, त्याची अनुवादाची कामं आटली. तेव्हापासून इतकं मन लावून त्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

“असली बोल महंगा पड़ता है,” धवल सहज म्हणाला. “गुग्गुल का तेल भर रहे हैं. आप बस नाम अच्छे से लिखिए.”

मुरलीधरने चारही भाषांत नावं सुवाच्य लिहिली.

हिवाळा सरता सरता जर्मनीहून माल भेसळीचा म्हणून परत आला. नोएडाच्या त्या कारखान्यात धवलने सगळ्यांसमोर सुरेखाला उभं केलं. बाटल्या ती भरायची. “तूने तेल के डिब्बे बदल दिए.” सुरेखाला मुरलीधरनेच तिथं कामाला चिकटवून दिलं होतं, नवरा गेलेला, मुलगी पहाडगंजच्या मराठी शाळेत. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो खाली मान घालून लेबलांचे गठ्ठे सारखे करत राहिला. तिला त्याच दिवशी काढलं.

रविवारी ती लक्ष्मीबाई नगरात, त्याच्या बायकोला मिळालेल्या सरकारी क्वार्टरवर आली.

“काका, माझ्यामुळं तुमचं नाव खराब झालं. मी बघून भरत होते हो. पण वास दोन्हींचा सारखाच. झालं असेल माझ्याच हातून.”

चहा घेऊन आलेली त्याची बायको कुमुदिनी म्हणाली, “अगं, होतं असं.”

‘हो’ म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. मुरलीधरने आपला कप बाजूला सारला.

“तुझ्या हातून काही झालं नाही. डब्यात गुग्गुळच होता. मला ठाऊक होतं.”

“लेबलं लिहिताना?”

“लिहितानाही.”

सुरेखाने कप न उचलताच पदर सावरला. “त्या दिवशी नुसतं एवढंच बोलला असतात, काका.”

दुसऱ्या दिवशी कारखान्यात तो सगळ्यांदेखत हेच बोलला. धवलने शांतपणे ऐकून घेतलं. “ठीक है. कल से आप भी मत आइए.” सुरेखाच्या जागी बसलेल्या नव्या बाईने बाटली भरणं थांबवलंही नाही.

तिथून तो थेट पहाडगंजला गेला. शाळा सुटत होती. फाटकापाशी त्याने सुरेखाला सगळं सांगितलं.

“बरं केलंत,” ती म्हणाली. तेवढ्यात मुलगी धावत आली.

“आई, ये कौन हैं?”

“मुरलीधरकाका. पाया पड त्यांच्या.”

पोर वाकली. मुरलीधर दोन पावलं मागे सरकला.