भाव पडेपर्यंत

"आप्पा, चेक लिहून आणलाय. तुम्ही फक्त सही करा," उषाबाई म्हणाल्या आणि चेकबुक त्यांनी काउंटरच्या काचेवर उघडून ठेवलं.

अप्पारावांनी त्याकडे पाहिलं नाही. फाटक्या पिशवीतून सांडलेले बियाण्याचे दाणे ते एकेक करून तळहातावर गोळा करत होते. "बसा तर खरं बाई. चहा सांगतो. जल्दी कशाची?"

"जुलैत आल्ते, तव्हा म्हणले दिवाळीला भाव पडतील. दिवाळीनंतर आल्ते, तव्हा म्हणले नव्या सालात. हे नवं साल आहे, दोन हजार नऊ."

"मंग नव्या सालात काय येऊन राह्यलंय ते बघा की!" त्यांनी काच उचलून खालचा कागद बाहेर काढला. पुण्याच्या पुतण्यानं इंटरनेटवरून छापून पाठवलेलं एक चित्र होतं. धुरकट, काळसर, कडा विरघळलेल्या. आरसा म्हणावा तर आरसा, पाटी म्हणावी तर पाटी. "बटणं न्हाईत, झाकण न्हाई. बोटानं चालणार. अमेरिकेतली कंपनी आणून राह्यली. हा आला की तुमचे छोटे लॅपटॉप मातीमोल. दोनाच्या पैशात चार घ्या."

"कुणी पाहिलाय?"

"पाहिला न्हाई अजून. पर सगळेच म्हणून राह्यले."

उषाबाईंनी चेकबुक मिटलं. न पाहिलेल्या वस्तूवरची माणसांची श्रद्धा त्यांनी एकतीस वर्षांच्या नोकरीत पुष्कळ पाहिली होती. पण ती श्रद्धा इतकी हिशेबी असू शकते, हे त्यांना नवं होतं.

अप्पारावांचं बियाण्याचं आणि आडतीचं दुकान टेंभुर्णीत होतं, आणि बाईंची शाळा तिथून सहा किलोमीटरवरच्या वाडीत. मुलींची, सातवीपर्यंत. दिवसा तिथे वीज नसे. रात्री यायची आणि उजाडायच्या आत जायची. म्हणून मोठा संगणक निरुपयोगी होता. रात्री घरी चार्ज करून सकाळी पिशवीतून शाळेत नेता येईल, असाच हवा होता. उन्हाळ्यात बाईंनी दारोदार फिरून वर्गणी जमवली. वाडीनं दिली, आणि सगळ्यांत जास्त दिली ती अप्पारावांनीच. ते ग्रामशिक्षण समितीचे अध्यक्ष होते. खातं दोघांच्या सह्यांचं होतं. दोन लॅपटॉप येतील एवढी रक्कम जूनपासून बँकेत पडून होती आणि एका सहीअभावी तिथेच कुजत होती.

अप्पाराव दुष्ट नव्हते. दुष्ट असते तर बाईंना राग करणं सोपं गेलं असतं. ते व्यापारी होते. मागच्या साली सगळ्या गावानं दिवाळीत सोयाबीन विकलं तेव्हा त्यांनी माल दाबून ठेवला आणि उन्हाळ्यात चढ्या भावानं काढला. थांबणाऱ्याला मिळतं, हा त्यांचा धर्म होता. आणि त्या धर्मात त्यांना आजवर कधी खोट आली नव्हती.

"गावाचा पैसा आहे बाई," बाई पायऱ्या उतरताना ते मागून म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखरच काळजीचा होता. "आज घेतला अन् उद्या निम्म्यात मिळाला, तर लोक मलाच बोल लावतील."

सहामाही परीक्षेत प्रश्न आला होता : संगणकाचे भाग लिहा. सातवीच्या अकराही मुलींनी सगळे भाग लिहिले. मॉनिटर, कीबोर्ड, माउस, उकार-वेलांट्यांसकट बरोबर. बाईंनी पैकीच्या पैकी गुण दिले आणि देताना त्यांना स्वतःच्या लाल शाईची किळस आली. न पाहिलेल्या गावाची वाट अकरा मुलींनी पाठ केली होती, आणि तिला आपण शिक्षण म्हणत होतो.

पेपर वाटताना कारभारीची कौसल्या उभी राहिली. उंच, काटक, सगळ्यांत मागे बसणारी. "बाई, त्याला हात लावला तर गार लागतं का गरम?"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांना ठाऊक नव्हतं. जालन्याच्या चार दिवसांच्या प्रशिक्षणात चाळीस शिक्षकांमध्ये एक संगणक होता. त्या तिसऱ्या रांगेत होत्या आणि पुढच्यांच्या पाठी पाहून परत आल्या होत्या.

"बघू, आला की कळेल," त्या म्हणाल्या.

पण केव्हा? एप्रिलमध्ये सातवी संपणार होती. टेंभुर्णीचं हायस्कूल सहा किलोमीटर, आणि त्या वाटेवर मुलींना एकटं धाडायला वाडी तयार नव्हती. लालमियाँची मेहरुन्निसा तेवढी पुढं जाणार होती, कारण जीप घरचीच होती. उरलेल्या दहा जणींसाठी पुढचं वर्ष नावाची गोष्ट कॅलेंडरात होती, आयुष्यात नव्हती.

फेब्रुवारीत एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, बाईंनी लालमियाँची जीप थांबवली आणि अकराही मुलींना आत बसवलं.

"बाई, कुठं सहल?" लालमियाँनं विचारलं.

"आप्पाच्या दुकानी."

"अकराच? बाई, माझ्या गाडीची बेइज्जती करून राह्यल्या तुम्ही. लग्नाला हिच्यात बावीस नेल्ते, वरून नवरदेवाचा मामा टपावर!" मुली खिदळल्या. मग आरशातून बाईंचा चेहरा पाहून त्यानं गिअर टाकला. टेंभुर्णीत त्यानं भाडं घेतलं नाही. "ते आप्पाला बराबर सांगा बाई," एवढंच तो म्हणाला. "आमचाबी पैसा हाये त्यात."

एवढ्या मुली पाहून अप्पाराव गडबडले. त्यांनी पोरींना गोळ्या वाटल्या, बाईंसाठी स्टूल पुसलं. बाई बसल्या नाहीत.

"तुम्हीच सांगा ह्यांना. मला आता सांगता येत न्हाई."

अप्पाराव हसले. व्यापाऱ्याचं हसू, सौदा समजावताना येतं ते. "हे बघा पोरींनो, आता घेतले तर दोन येतील. पुढच्या साली घेतले तर चार. तेबी नव्या तऱ्हेचे. मंग काय चांगलं?"

मुली गोळ्या चघळायच्या थांबल्या. कौसल्या म्हणाली, "पुढच्या सालचं चांगलं हाये आप्पा. पर पुढच्या साली आमी न्हाई."

"का? कुठं जाता?"

"कुठं न्हाई. घरीच."

दुकानात एक गिऱ्हाईक कीटकनाशकाची बाटली उलटीपालटी करून पाहत होतं, तेही थांबलं. अप्पाराव दाढी खाजवत राहिले. "बाई, पुतण्या म्हणतो मार्चात पक्की खबर लागंल. एक महिना फक्त..."

"मार्चात आली तर तुम्ही जून म्हणाल!" बाईंचा आवाज रस्त्यावर गेला. "जूनात तुमचा पुतण्या आणखी नवं चित्र पाठवील. ह्या वस्तूचा भाव पडतच राहणार आप्पा, दर साली, माझ्या अन् तुमच्या मरणापर्यंत. मंग घ्यायची कधी? सोयाबीन पोत्यात भरून ठेवता येतं. ह्या पोरी कोणत्या पोत्यात भरून ठेवू? सांगा ना! तुमच्या आडतीत आहे का एवढं मोठं पोतं?"

अप्पारावांचा चेहरा ओशाळा झाला. पण हात खिशातल्या पेनाकडे गेला नाही. आयुष्यभर ज्या सवयीनं त्यांना तारलं होतं, ती अकरा पोरींसमोर मोडायची म्हणजे आपण कधीतरी चुकलो असू, हे मानणं होतं. त्यांनी गोळ्यांची बरणी पुन्हा पुढे केली. एकीनंही हात पुढे केला नाही.

एप्रिलच्या शेवटी निकाल लागला. शाळा सोडल्याचे अकरा दाखले उषाबाईंनी एका बैठकीत लिहिले. त्यांचं अक्षर नेहमी सुबक असे. त्या दिवशी पेन इतकं दाबलं गेलं की शाई पलीकडच्या बाजूला उमटली.

मे महिन्यात अप्पारावांनी स्वतः निरोप धाडला. पुतण्याचा फोन आला होता : ते पाटीसारखं यंत्र यंदा काही येत नाही, कधी येईल कुणाला ठाऊक नाही, येईल की नाही तेही. त्यांनी सही केली. बाई जालन्याला गेल्या. दुकानदारानं कंटाळल्या नजरेनं वर पाहिलं आणि सांगितलं की डॉलर चढलाय, भाव खाली नाही, वर गेलेत. दोनाच्या पैशात एक आला.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर त्याची पूजा ठरली. व्हरांड्यात टेबल, त्यावर नवी चादर, चादरीवर तो काळा, चकचकीत, वहीएवढा. नव्या सातवीतल्या मुली हात बांधून रांगेत होत्या. अप्पारावांनी नारळ वाढवला आणि भाषणाला सुरुवात केली. "थोडा उशीर झाला, पर गावाचा एक पैसा वाया जाऊ दिला न्हाई..."

उषाबाईंची नजर कुंपणाच्या भिंतीकडे गेली. पलीकडे कौसल्या उभी होती. जळणासाठी आणलेला कापसाच्या पऱ्हाट्यांचा भारा तिनं भिंतीशी खाली टेकवला होता आणि टाचा उंचावून ती टेबलाकडे पाहत होती. दोन महिन्यांत तिचा चेहरा कितीतरी वर्षं पुढे गेला होता.

भाषण चालू असतानाच बाई उठल्या आणि फाटकाबाहेर गेल्या. "आत ये."

"न्हाई बाई. माझं नाव कटलं पटातून."

"मीच कापलं ते. मी सांगते, ये."

कौसल्यानं मान हलवली. हट्टानं नाही, मोठी बाई लहान मुलीला समजावते, तशी. "आय चूल पेटवायची थांबलीय." मग थोडं घुटमळून म्हणाली, "बाई, भारा उचलून देता का? एकटीला डोक्यावर घेता येत न्हाई."

आतून टाळ्या ऐकू आल्या. कुणीतरी हाक मारली : "बाई, चालू तुमीच करा!"

उषाबाईंनी पूजेसाठी नेसलेल्या साडीचा पदर कमरेला खोचला. दोघी वाकल्या. पऱ्हाट्यांच्या काड्या मनगटांत रुतल्या. "धर," बाई म्हणाल्या, आणि दोघींनी मिळून तो भारा उचलला, छातीपर्यंत, मग वर. कौसल्यानं डोक्यावरची चुंबळ नीट केली, तोल साधला, आणि एक हात वर धरून ती वाडीच्या वाटेला लागली.

तिनं मागे पाहिलं नाही. एवढं ओझं डोक्यावर असलं की मान वळवता येत नाही.