अर्जाआधीची चित्रफीत

पेटंटच्या खटल्यांत मुरलेल्या एका वकीलबाईंच्या कचेरीत मी अकरा वर्षे कागदपत्रे जुळविण्याचे काम केले. शिक्षण नववीपर्यंत, तथापि कायद्याच्या सहवासाने आपणही थोडेफार कायदेपंडित झालो, असा गोड गैरसमज मी बाळगून होतो.

त्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांचा, म्हणजे दाजींचा, खटला आमच्याकडे आला. कापड कापणाऱ्या यंत्राच्या पात्याजवळ बोट येताच यंत्र तत्क्षणी थांबावे, अशी युक्ती त्यांनी स्वतःची दोन बोटे गमावल्यानंतर शोधिली व तिचे पेटंट घेतले. एका मोठ्या कंपनीने ती जशीच्या तशी उचलली आणि वर कांगावा केला, की दाजींनीच ती त्यांच्याकडून चोरली.

"चोराच्या उलट्या बोंबा!" ताई कडाडली. "अरे, माझ्याकडे व्हिडिओ आहे. कारखान्यात सगळ्यांसमोर यांनी पात्याखाली काकडी धरली होती. मीच म्हटलं, बोट नको हो, आता आठच उरलीत!"

ती चित्रफीत पेटंटच्या अर्जाहून दोन वर्षांनी जुनी होती. पुरावा जितका जुना तितका हक्क पक्का, असे मानून मी ती बाईंना न विचारता पुराव्यांच्या यादीत समाविष्ट केली. बाईंनी माझ्यावर विसंबून सही केली.

न्यायालयात विरुद्ध पक्षाच्या वकिलाने ती चित्रफीत लावली व दाजींना एवढेच विचारिले, "समोर किती लोक होते?"

"तीस-चाळीस," दाजी अभिमानाने म्हणाले. "बाहेरची गिऱ्हाइकंसुद्धा होती."

बाईंनी डोळे मिटून घेतले. बाहेर येताच त्या म्हणाल्या, "अर्जाच्या इतकं आधी चारचौघांत दाखवलेली वस्तू कायद्याच्या लेखी नवी राहत नाही. पेटंट जाणार. ही यादीत कोणी घातली?"

"मी."

"मला विचारायचं होतंस रे."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला सोसले असते. दाजींनी मला बाजूला घेतले. मग हळूच म्हणाले, "तुझ्या ताईला यातलं काही सांगू नकोस. तिला वाटतंय, तिनं मला तारलं."

पेटंट रद्द झाल्याचे ऐकून ताई ओक्साबोक्शी रडली. "एवढा ढळढळीत पुरावा दिला, तरी मेल्यांना दिसला नाही?"

"आंधळे आहेत गं सगळे," दाजी म्हणाले.

तिने पदराने डोळे पुसले आणि मला जवळ बसवून घेतले. "तू तरी आमच्यासाठी झटलास रे बाबा."

मी मान खाली घातली; तिला ती नम्रता वाटली.