बंद कवचातली भुकटी

"दुधात पाणी घालता येतंय बाई, अंड्यात कोन काय घालील?" ताडकळसच्या बाजारात तानुबाईचं हे ठरलेलं बोलणं. गिऱ्हाईक हसत हसत अंडी घेऊन जाई. कोंबड्यांना पिसवा झाल्या की तानुबाई पिकावर मारायची पांढरी भुकटी त्यांच्या पिसांत चोळायची, खुराड्यातही भुरभुरायची. पिसवा मरत, कोंबड्या टुणटुणीत राहत. लेक कुसुम बाळंतपणाला आली होती, तिच्या ताटातही रोज त्याच कोंबड्यांचं अंडं.

परभणीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या भाचीने, सत्यशीलाने, अंडी तपासायला मागितली तेव्हा तानुबाईला गंमत वाटली.

"घे की. म्या सोता येते बघायला."

आणि खरंच गेली! सत्यशीलाने बलकातली चरबी काढली, गाळली, आटवली आणि तिचा थेंब लेप दिलेल्या काचेवर ठेवला. शेजारी तानुबाईने घरून आणलेल्या त्याच भुकटीच्या द्रावणाचा थेंब. काच औषधात उभी केली, मग तिच्यावर दुसरं औषध फवारून ती निळसर दिव्याखाली धरली. पांढऱ्या काचेवर हळूहळू दोन तपकिरी डाग उमटले. अगदी एका उंचीवर, जुळ्या भावंडांसारखे. "एका उंचीवर म्हंजी दोन्हीत एकच चीज," सत्यशीला म्हणाली.

तानुबाईच्या अंगावर काटा आला. डोळ्यांना न दिसणारं इथे डोळ्यांपुढे उभं होतं.

"कवच तर बंद व्हतं. आत कसं गेलं गं?"

"कवचातून न्हाई, मावशी, कोंबडीतून. ती पिसं चोचीनं साफ करती, खुराड्यातलं टिपती. भुकटी तिच्या चरबीत मुरती, तिथून बलकात येती. खानाऱ्याच्या अंगातबी साठती, आईच्या दुधातबी उतरती."

तानुबाईला कुसुमचं तान्हं आठवलं.

"म्हंजी माजाच हात तिथवर पोचला."

"भिऊ नको. लगेच काय होत न्हाई. पन साठू देऊ नको."

तानुबाईने घरी येऊन खुराडं खरवडलं, कोंबड्यांना लोळायला चुलीची राख पसरली, कुसुमच्या ताटातलं अंडं बंद केलं. बाजारात ती रिकाम्या हाताने गेली आणि गिऱ्हाइकांना खरं काय ते सांगून आली. काही जणींनी नाकं मुरडली. तिने ते सोसलं.

काही महिन्यांनी ती नवी अंडी घेऊन पुन्हा काचेपुढे उभी राहिली. डाग फिका झाला होता, पण होता.

"अजून हाय," ती हळूच म्हणाली. "इकायला आनखी थांबते."

वाचकहो, किड्यासाठी ठेवलेल्या विषाला आपल्या ताटाची वाट ठाऊक असते. घरात ते शिंपडण्याआधी पाळण्याकडे एकदा बघा.