दोन बाल्कन्यांमधला आडोसा

मित्रांनो, मी एका प्रवासी जहाजावरचा जुना आडोसा आहे. समुद्रावर फिरणारी मोठी पांढरी जहाजं तुम्ही चित्रात पाहिली असतील. त्यांच्या अंगावर ओळीने खण दिसतात. तो एकेक खण म्हणजे एकेका खोलीची बाल्कनी. शेजारच्या दोन बाल्कन्यांच्या मध्ये जो पत्र्याचा पातळ पडदा उभा असतो, तो मी. आता आमचं जहाज मोडीत निघालं आहे आणि मी जुन्या सामानाच्या दुकानामागे भिंतीला टेकून उभा आहे. पाठीला गंज चढला आहे. एखादं गिऱ्हाईक येतं, मला टिचकी मारून बघतं, "पोकळ आहे हो," म्हणतं आणि पुढे जातं. त्याचं काही चुकत नाही. मी पोकळच आहे.

मला एका बाईंनी बनवलं. तोंडासमोर काळी काच धरून त्या दोन पत्रे एका चौकटीवर सांधत होत्या. शेजारी काम करणाऱ्याने त्यांना विचारलं, "ह्याच्या पोटात काही भरायचं नाही का?" त्या म्हणाल्या, "जहाजावर वजन नको असतं बाबा. शेजाऱ्याची नजर अडली की ह्याचं काम झालं." तेवढं बोलून त्यांनी मला पालथं घातलं. माझ्या जन्माच्या वेळी माझ्याबद्दल कोणी बोललं असेल तर ते इतकंच.

मला बिजागऱ्या लावून जहाजाच्या अंगावर बसवलं. बाहेरच्या कडेला एक कुलूप होतं. त्याची चौकोनी तोंडाची किल्ली खोल्या आवरणाऱ्या माणसाच्या कमरेला असे, म्हणून सगळे त्याला किल्लीदादा म्हणत. एकाच घरच्या लोकांनी दोन्ही खोल्या घेतल्या असल्या की किल्लीदादा मला उघडून भिंतीशी मिटवून ठेवायचा. दोन बाल्कन्यांची एक ऐसपैस बाल्कनी व्हायची. सुरुवातीच्या वर्षांत मी कोरा पांढरा होतो. लोक माझ्याजवळ उभे राहून फोटो काढत. कोणी म्हणे, "बघ, किती स्वच्छ आहे!" तेव्हा मला बरं वाटायचं. स्तुती पत्र्यालाही गोड लागते.

नवे पाहुणे आले की किल्लीदादा बाल्कनीत उभा राहून नेहमीचं पाठांतर म्हणायचा. मला ते तोंडपाठ आहे. तुम्ही कधी अशा जहाजावर गेलात तर उपयोगी पडेल.

"बाल्कनीचं दार उघडं ठेवून खोलीचं दार उघडू नका. वारा आरपार धावतो. दार असं आपटतं की बोटं जातील. कठड्यावर चष्मा, फोन, कप काही ठेवायचं नाही. समुद्र घेतो, परत देत नाही. ओले कपडे खुर्चीच्या पाठीला चिमट्याने लावा, कठड्यावर नको. खुर्ची कठड्यापासून लांब. आणि तिच्यावर कोणी चढायचं नाही म्हणजे नाही. लहान नाही, मोठंही नाही."

बाकीचं मी पाहून पाहून शिकलो. ऊन असलं तरी अंगावर घ्यायला काहीतरी जवळ असावं, कारण चालत्या जहाजावरचा वारा हाडात शिरतो. चांदणं बघायचं तर खोलीतला दिवा आधी मालवावा. जहाज बंदरात शिरत असतं तेव्हा झोपून राहू नये, बाल्कनीतून बघण्यासारखं त्याहून चांगलं काही नसतं. एक गोष्ट मात्र किल्लीदादा कधीच सांगत नसे. मी नजर अडवतो, आवाज अडवत नाही. माझ्या एका बाजूला कोणी पुटपुटलं तरी दुसऱ्या बाजूला ते स्वच्छ ऐकू जातं. लोकांना शेजारी कोणी दिसत नाही, म्हणून त्यांना वाटतं, कोणी नाहीच.

माझ्या पांढऱ्या रंगावर पुन्हा पुन्हा रंग चढला. खाऱ्या हवेने तो फुगला, सोलला. फोटोसाठी माझ्याजवळ कोणी उभं राहीनासं झालं. त्या काळातली ही गोष्ट.

एका बाजूच्या खोलीत एक म्हातारं जोडपं आलं. दुसऱ्या बाजूच्या खोलीत त्यांची मुलगी, जिला ते ताई म्हणत, आणि जावई. बाबा आयुष्यभर बसमध्ये कंडक्टर होते. अंगाने काडीसारखे झाले होते, पण आवाज अजून बसच्या टोकापर्यंत पोचेल असा. आल्या आल्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "चला, खिडकीची जागा मिळाली!"

दुपारी आई म्हणाल्या, "अहो, तुम्ही जरा पडा. मी ताईकडे चहा घेऊन येते." बाबा आत जाऊन आडवे झाले, पण त्यांना उकडायला लागलं असावं. थोड्या वेळात ते पुन्हा बाहेर येऊन माझ्या अगदी शेजारी बसले. पलीकडच्या बाल्कनीत आई रडत होत्या.

"आई, हळू. बाबांना कळेल," मुलगी म्हणाली.

"झोपलेत ते. डॉक्टरांनी नक्की काय सांगितलं ते सांग तू मला."

"काही महिने. फार तर थंडी निघेल. उतरलो की त्यांना तिथूनच थेट दवाखान्यात न्यायचं. नवं औषध आहे म्हणतात. खाट ठरवली आहे. तोपर्यंत हे चार दिवस हसत घालवू. त्यांना काही बोलायचं नाही."

बाबांनी खुर्चीचा हात धरला होता. गर्दीत मागच्या बाकावरची कुजबुज ऐकण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला हे ऐकू येणार नाही असं कसं होईल? ते हळूच उठून आत गेले आणि खाटेवर डोळे मिटून पडले.

आई परत आल्या तेव्हा बाबांनी डोळे उघडले. "काय गं, डोळे लाल?"

"वारा गेला."

"हा वारा मोठा बदमाश. तिकीट न काढता कुठेही घुसतो," बाबा म्हणाले, आणि दोघं हसले.

मित्रांनो, मला तेव्हा कळलं की आता हे सगळेच नाटक करणार. बाबांना दवाखान्यात जायचं नव्हतं. आई आत असल्या की ते समुद्राकडे बघत पुटपुटायचे, "आपल्या खाटेवर, आपल्या खिडकीपाशी. बास." तेवढं एकच मागणं. पण ते मागायचं तर आपल्याला सगळं माहीत आहे, हे कबूल करावं लागलं असतं. बायको आणि लेक एवढ्या कष्टाने हसत होत्या. ते हसू मोडायला बाबांची जीभ उचलेना. घास गिळवत नसला तरी ते मुलीपुढे "वा!" म्हणत जेवायचे. पुढच्या वर्षी डोंगरावर जाऊ, असं मुलगी म्हणाली की ते म्हणायचे, "जाऊ की! पण चढ असला तर जावयांनी मला पाठीवर घ्यायचं."

"घेतो ना बाबा," जावई म्हणायचा, आणि पलीकडे जाऊन तोंड धुवायचा.

एकदा किल्लीदादाने दारावर टकटक केली. "कुटुंब एकच ना तुमचं? मधला आडोसा उघडून देऊ? छान मोठी जागा होईल."

"नको, राहू दे बंद," बाबा घाईने म्हणाले. किल्लीदादा पलीकडे गेला. तिथे मुलगीही म्हणाली, "नको नको. बंदच बरा."

आजवर मला कोणी इतकं मनापासून जपलं नव्हतं. दोन्हीकडच्यांना रडायला मी हवा होतो. पण मला त्याचा आनंद झाला नाही.

शेवटच्या सकाळी जहाज बंदराला लागलं. पाहुणे उतरायच्या आत सगळ्या बाल्कन्या धुऊन काढायची पद्धत असते. त्यासाठी आम्हा सगळ्या आडोशांना ओळीने उघडतात, म्हणजे पाण्याची नळी सरळ पुढे नेता येते. कोणाला विचारत नाहीत. शेजारच्या बाल्कन्यांमधून ओळीने येत किल्लीदादाने माझं कुलूप काढलं आणि मला भिंतीशी ढकललं.

एकीकडे मुलगी कठड्याशी उभी राहून रडत होती. दुसरीकडे बाबा त्यांच्या खुर्चीवर बसले होते. त्यांचा चेहरा ओला होता. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. किल्लीदादा नळी तशीच टाकून निघून गेला.

"बाबा, तुम्ही इथे कधीपासून बसताय?"

"पहिल्या दिवसापासून."

मुलगी खालीच बसली. आवाज ऐकून आई आणि जावई बाहेर आले. बाबा म्हणाले, "ताई, तू रडू नकोस. मला फक्त दवाखान्यात नका नेऊ. मला घरी न्या."

"बाबा, हे आधी का नाही बोललात हो?"

"तू का नाही विचारलंस, बाळा?"

जावयाने कठड्यावरून खाली पाहिलं. धक्क्यावर एक पांढरी गाडी येऊन उभी होती. मागचं दार उघडून दोन माणसं स्ट्रेचर काढत होती. "गाडी आलीय," तो हळूच म्हणाला. "तिकडे डॉक्टर थांबलेत. बाबा, निदान एकदा तपासून तर घेऊ. मग बघू."

मुलगी एकदा बाबांकडे, एकदा खाली बघत होती. "हो बाबा, नुसतं तपासायला," ती म्हणाली. तिला स्वतःलाही ते खरं वाटत नव्हतं.

बाबा आईंचा हात धरून उठले. "चला. गाडी खोळंबली की मागचे ओरडतात."

मी भिंतीशी मिटलेला होतो, त्यामुळे मला धक्का पूर्ण दिसत होता. बाबा स्ट्रेचरवर झोपले नाहीत. आपल्या पायांनी गाडीत चढले. आई त्यांच्या मागून चढल्या. मुलगी दारापाशी थांबली, गाडीवाल्याशी काहीतरी बोलू लागली, हातवारे करू लागली. त्याने नाही अशी मान हलवली. मग तीही आत बसली आणि दार लागलं. किल्लीदादाने परत येऊन नळी सोडली आणि बाल्कनीत पाणी वाहत आलं. बाबांच्या खुर्चीखालून गेलं.

शिडीवरून उतरून गेलेल्या माणसांचं पुढे काय होतं, हे जहाजाला कळत नाही. बाबा आपल्या खिडकीपाशी परत पोचले का, मला माहीत नाही. नंतर मला नवा रंग लागला, तो उडाला, मग कोणी रंगवलंही नाही. माझी बिजागरी करकरू लागली तसा मी कायमचा बंद ठेवला गेलो, आणि शेवटी जहाजच मोडलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या आडोशाला तेलपाणी करा असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझं आयुष्य झालं. पण तुमच्या घरात कोणी आजारी असेल, तर त्याच्याबद्दल पलीकडे जाऊन बोलू नका. त्याच्या शेजारी खुर्ची ओढा आणि त्याला काय हवं आहे ते त्यालाच विचारा. रडू आलं तर त्याच्यासमोर रडा. तोही रडेल, त्याने काही बिघडत नाही. आणि तो जे सांगेल ते करता येईल, इतका वेळ हाताशी असतानाच विचारा.