डावीकडचा बॉल

सिद्धेशला त्या वर्षी फुटबॉलची भीती वाटायला लागली, आणि ती कोणाला सांगायचीही सोय नव्हती. वसईच्या कॉलेजच्या टीमचा तो स्टॉपर, म्हणजे गोलसमोरचा बचाव सांभाळणारा. अंगाने असा दणकट की एव्हरशाईन वसाहतीतल्या शेजारणी त्याच्याकडे बोट दाखवून आपापल्या पोरांना दूध पाजायच्या. हा गडी मैदानात उतरायच्या आधीच घामाघूम व्हायचा.

सुरुवात झाली सप्टेंबरात, वांद्र्याच्या जत्रेत. टीम क्वार्टर फायनल जिंकली, तसे कोच बॅप्टिस्ट सर पोरांना नेहमीप्रमाणे माउंट मेरीच्या चर्चला घेऊन गेले. तिथे आपल्याला जे हवं ते मेणाचं करून वाहायची पद्धत. घर हवं त्याने मेणाचं घर, गुडघा दुखतो त्याने मेणाचा पाय. टीमने पायांची जोडी घेतली. ती जपून धरायचं काम सिद्धेशकडे आलं. तो हिंदू असला तरी देवीपुढे जाताना जातधर्म कोण विचारतो. मागे वळून बघतो तर त्यांचा गोलकीपर ज्युलियस पलीकडच्या टपरीवर, सगळ्यांची नजर चुकवून, मेणाचा डोळा घेत होता.

"डावा," ज्युलियस म्हणाला. सिद्धेशने त्याला गर्दीतून बाजूला ओढलं होतं. "मागच्या मॅचला गोलपोस्टवर आपटलो ना, तवापासून कडेला काळं काळं दिसतंय. डॉक्टर बोलला, आतला पडदा सुटत चाललाय. ऑपरेशन कर. तवर डोक्याला परत मार बसला तर डोळा गेलाच."

"आणि तू खेळतोयस?"

"नवस केलाय ना. फायनलला रेल्वेवाले येनार हायेत पोरं बघायला. नोकरी लागली तर बोटीवर जायला नको. तू कोनाला बोलू नको. आईची शपथ घे."

ज्युलियस पाचूबंदरच्या कोळीवाड्यातला. त्याचे दोन काका समुद्रात गेले ते परत आलेच नव्हते, हे सगळ्या टीमला ठाऊक होतं. सिद्धेशने शपथ घेतली, आणि माशाचा काटा अडकावा तशी ती त्याच्या घशात अडकून बसली.

त्या दिवसापासून त्याचं खेळातलं लक्ष उडालं. तो ज्युलियसची डावी बाजू धरून उभा राहायचा. तिकडून बॉल आला की कधी डोक्याने, कधी छातीवर घेऊन बाहेर मारायचा. ज्युलियस मान वाकडी करून बघायला शिकला. पोरं त्याला कोंबडा म्हणून चिडवायची, तोही हसायचा. सिद्धेशला हसू यायचं नाही.

"अरे, तू स्टॉपर आहेस की त्याची सावली?" सेमी फायनलनंतर सरांनी विचारलं. सगळं सांगून टाकावं असं सिद्धेशच्या अगदी ओठांवर आलं. पण टीम जिंकली होती, ज्युलियस खुशीत होता, आणि शपथ आईची होती. तो गप्प राहिला. त्या गप्प राहण्याची त्याला रोज जास्त भीती वाटू लागली.

फायनल वसईतच होती. समोर मुंबईचं कॉलेज, आणि त्यांचा नऊ नंबर म्हणजे नुसता रेडा. बॉल असो नसो, समोर येईल त्याला तुडवत जायचा. रेल्वेचे दोघे साहेब मंडपात बसले होते. हाफ टाइमपर्यंत गोल झाला नाही. ज्युलियसने तीन बॉल अडवले, तिन्ही उजवीकडचे.

मग डावीकडून कॉर्नर आला. बॉल उंच, गोलच्या तोंडाशी. ज्युलियस हात वर करून पुढे सरसावला आणि त्याच वेळी डावीकडून नऊ नंबर बूट उगारून उडाला. तो बूट बॉलवर जाणार नव्हता. सिद्धेश चार पावलं लांब होता. आपण पोचत नाही हे त्याला पक्कं कळत होतं.

"माझा!" तो ओरडला.

सरांची ही शिकवण हाडीमाशी भिनलेली होती: जो 'माझा' म्हणेल त्याचा बॉल, बाकीच्यांनी जागीच थांबायचं. ज्युलियस थांबला. बूट त्याच्या नाकासमोरून गेला, बॉल नऊ नंबरच्या गुडघ्याला लागून आत शिरला, आणि मंडपात एकच कल्ला झाला.

ज्युलियस तावातावाने सिद्धेशवर चालून आला. "पोचनार नव्हतास तर ओरडलास कशाला? माझा होता तो. साहेब बघतायत तिकडं."

"नऊ नंबरवाला तुझ्या तोंडावर लाथ घेऊन येत होता," सिद्धेश म्हणाला. "अगदी तुझ्या अंगावर."

ज्युलियस त्याच्याकडे बघत राहिला. राग ओसरला आणि चेहरा एकदम पांढरा पडला.

"कुठं होता नऊ नंबर?" त्याने हळूच विचारलं.

नऊ नंबर अजूनही तिथेच होता, ज्युलियसच्या डाव्या हाताला, दोन पावलांवर, दोस्तांच्या खांद्यावर बसून नाचत. ज्युलियसने तिकडे मान वळवली नाही.

सिद्धेशने त्याचं मनगट धरलं आणि तो त्याला घेऊन बॅप्टिस्ट सरांकडे चालू लागला. ज्युलियसने हात सोडवून घेतला नाही.