अर्धं संत्रं

संघपालने डब्याचा वरचा कप्पा उघडला. आत सोललेलं संत्रं होतं, पण अर्धंच. भावना रोज अख्खं देई. बाकीचं तिनेच खाल्लं असेल, असं समजून त्याने फोडी खाल्ल्या आणि डबा धुवायला नळावर गेला. सकाळी निघताना ती दारात म्हणाली होती, "संध्याकाळी लवकर या. एक गंमत सांगायची आहे." काय गंमत, ते त्याने विचारलं नव्हतं. बस निघायची वेळ झाली होती.

कळमेश्वरच्या त्या कारखान्यात मशीनवर फोन नेऊ देत नसत. तीन वाजता सुपरवायझर स्वतः चालत त्याच्यापर्यंत आला आणि म्हणाला, "मशीन बंद कर." तेव्हा त्याला कळलं. भावना सीताबर्डीच्या बाजारातून गाडीवर परत येत होती. मागून ट्रक आला. साडेबारालाच ती गेली होती. म्हणजे तो जेवायला बसला तेव्हा ती नव्हती. त्या दिवशी तारीख एकोणीस डिसेंबर होती.

तिची पिशवी त्याला दवाखान्यात मिळाली. ती त्याने न उघडता कपाटावर ठेवून दिली.

भावनाची धाकटी बहीण पायल कन्हानहून आली आणि राहिली. रितिका तेव्हा पाच महिने आणि आठ दिवसांची होती. पायलने बाटलीचं दूध, बाळाची आंघोळ, रात्रीचं जागणं, सगळं हातात घेतलं. आठवड्याभरात रितिका तिच्या आवाजाकडे मान वळवू लागली. संघपाल कामावरून येऊन हात पुढे करायचा, तेव्हा ती आधी पायलकडे पाहायची आणि मग त्याच्याकडे यायची. तेवढ्या वेळात त्याचे हात तसेच हवेत राहायचे.

एका दुपारी तो घरी आला, तर ती पिशवी कपाटावर नव्हती. ओट्यावर रबराची एक नारंगी बशी धुऊन पालथी घातलेली होती.

"ताई हेच आनाले गेली होती, भाऊजी," पायल म्हणाली. "खाली चिकटून राह्यते. पोट्टीनं ओढली तरी सांडत नाही."

"पिशवी मी उघडणार होतो."

"कधी?"

तो बूट काढत बसला. एका बुटाची नाडी त्याने दोनदा सोडली.

रितिकाला अकरा जानेवारीला सहा महिने पूर्ण होणार होते. त्या दिवशी तिला पहिला घास द्यायचा, तोही भरवायचा नाही, समोर ठेवायचा, असं पायलने जाहीर केलं. संघपालची आई भीमाबाई मेथी निवडत होती. तिचा हात थांबला.

"आपल्या हातानं खाईन? सहा महिन्याची पोट्टी? लग्नाच्या पंगतीत बसली का ते?"

"मावशी, लाल भोपळा वाफवाचा. बोटाएवढे लांब तुकडे कराचे. चिमटीत दाबले की चिरडले पायजेत. बसवाचं सरळ. तिले पायजे तं ते उचलन, नाही तं नाही उचलनार. आपन फक्त बाजूले बसाचं."

"अन् ठसका लागला तं?"

"म्हनूनच तं बाजूले बसाचं."

"आमच्या वेळी मांडीवर घेतलं अन् मऊ भात कोंबला. हा पाहा केवढा झाला," भीमाबाई संघपालकडे बोट दाखवून म्हणाली.

"म्हनूनच आजही त्यायले वाढून द्या लागते," पायल म्हणाली. भीमाबाई हसली. घरात खूप दिवसांनी कोणी हसलं होतं. संघपालला हसू आलं नाही.

"हे सगळं तुला कोणी सांगितलं?" त्याने विचारलं.

"ताईनं. आवाजात पाठवलं आहे ना मले सगळं."

तिने फोन काढून लावला. भावनाचा आवाज स्वयंपाकघरात आला. पायल, ऐक, मीठ नाही घालाचं, साखर नाही, घाई तं बिलकुलच नाही. मागे कुकरची शिट्टी झाली आणि ती हसली. पायलकडे असे एकतीस निरोप होते. संघपालने आपल्या फोनवर भावनाचे निरोप पाहिले होते. येताना दूध आणा. गॅसवाला आला होता. पोहोचले का.

"त्या दिवशीचा आहे का एखादा?" त्याने विचारलं. "सकाळचा?"

"नाही. शेवटचा आदल्या दिवशीचा आहे. काहून?"

"असंच."

हे त्याने तिला आधीही एकदा विचारलं होतं. ती गंमत पायलला माहीत असेल आणि ती सांगत नसेल, असं त्याला वाटायचं. नंतर लाज वाटायची. तरी पुन्हा वाटायचं.

भावनाची एक वही होती. त्यात तिने रितिकाचं लिहून ठेवलं होतं. पहिल्यांदा हसली, सव्वीस ऑगस्ट. पालथी पडली, चौदा नोव्हेंबर. पुढच्या ओळी तिने आधीच लिहून ठेवल्या होत्या आणि त्यांच्यापुढे जागा सोडली होती. पहिला घास. पहिला दात. पहिलं पाऊल. ती वहीही आता पायलच्या उशाशी असायची.

दहा तारखेला शनिवार होता. संघपाल चार वाजता घरी आला. पायल गच्चीवर कपडे काढायला गेली होती आणि भीमाबाई शेजारी गेली होती. त्याने रितिकाला मांडीवर घेतलं. टोपलीतून एक संत्रं काढून सोललं. एका फोडीचं पातळ साल कडेने उघडलं, बिया काढल्या. एकदा जिन्याकडे पाहिलं आणि फोड तिच्या ओठांना लावली.

तिने तोंड फिरवलं.

त्याने पुन्हा लावली. तिने पुन्हा फिरवलं आणि कुरकुर केली. मग त्याला पायलचं बोलणं आठवलं. त्याने फोड तळहातावर ठेवली आणि हात तिच्यासमोर धरला.

रितिकाने फोड उचलली. आधी बंद बाजू तोंडात घातली. मग काढली, मुठीत फिरवली, उघडी बाजू ओठांना लावली आणि चोखू लागली. आंबट लागलं तसे तिने डोळे घट्ट मिटले, पण फोड सोडली नाही. रस संपल्यावर रिकामं साल तिने हात लांब करून त्याच्यापुढे धरलं. जणू हे रोजचंच काम होतं.

त्याने ते साल घेतलं. वर गच्चीवर पायलच्या बादलीचा आवाज आला, आणि तो स्वतःशी हसला.

दारात भीमाबाई उभी होती. त्याने सालं पटकन मांडीखाली सारली.

"लपवू नको," ती म्हणाली. ओरडली नाही. आत येऊन भिंतीला टेकून बसली. "तिच्या मायनंही देल्ली होती."

"काय?"

"संत्र्याची फोड. त्याच दिवशी. तू आंघोळीले गेला होता. ते तुह्या डब्यासाठी सोलून राहिली होती, तं हिनं मांडीवरूनच हात घातला अन् उचलली. भावना हसाले लागली. म्हने, माय, पाहा ना, हिनं आपल्या हातानं घेतली. एक झाली, दोन झाल्या. अर्धं संत्रं चोखलं या पोट्टीनं."

संघपालने रितिकाचा चिकट हात आपल्या हातात धरून ठेवला होता.

"म्या ओढून घेतलं तिच्या हातातून. थंडीचे दिवस, आंबट चीज. लय बोलली मी भावनाले. ते काही नाही बोलली. म्हने, यायले नका सांगू, संध्याकाळी मीच सांगतो." भीमाबाईने पदराने नाक पुसलं. "मंग ते बशी आनाले गेली."

"काहून नाही सांगितलं मले, माय?"

"कोन्या तोंडानं सांगू गा?"

जिन्यावर पावलं वाजली. संघपालने मांडीखालची सालं उचलून खिशात टाकली.

रविवारी सकाळी पायलने भोपळ्याचे तुकडे वाफवले, चिमटीत दाबून पाहिले आणि नारंगी बशीत ठेवले. रितिकाला उशांच्या आधाराने बसवलं. तिने एक तुकडा उचलला, गालाला लावला, मग तोंडात घातला. तिला थोडं ओकल्यासारखं झालं. भीमाबाई उठली, पायलने तिचा हात धरून खाली बसवलं. रितिकाने जिभेने तुकडा पुढे आणला आणि पुन्हा चावला.

"खाल्ला! भाऊजी, खाल्ला तिनं!" पायल हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिचा चेहरा तेव्हा थेट भावनासारखा दिसला. "ताई पायजे होती."

"हो," संघपाल म्हणाला.

पायलने ओढणीने डोळे पुसले, वही आणली आणि पेन उघडलं. "पहिला घास, अकरा जानेवारी. लिहू ना?"

भीमाबाई आपल्या हातांकडे पाहत राहिली.

"दे," तो म्हणाला. "मी लिहितो."

"अक्षर नीट काढा. मोठी झाल्यावर वाचन ते."

तो वही घेऊन खिडकीपाशी गेला. पेन हातात धरून उभा राहिला. मागे रितिकाने बशीवर थापट्या मारल्या आणि पायल तिच्याशी बोलू लागली. त्याने पेनला टोपण लावलं, वही मिटली आणि कपाटावर ठेवली. कोणी विचारलं नाही.

एकोणीस डिसेंबर ही तारीख त्या वहीत लिहायची अजून राहिली आहे.